पर्जन्यमापकांचे जाळे : पावसाचा फलक कसा वाचावा?

(व्याख्यानाचा मजकूर)

मुंबईत काल पाऊस किती पडला, या साध्या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. कुलाब्याचे उत्तर वेगळे, सांताक्रूझचे वेगळे, आणि गोराईच्या खाडीकाठी उभे राहून पाहिले तर बहुधा या दोहोंहून निराळे असे तिसरेच. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून हवामानाच्या नोंदी घेतल्या जात आहेत. परंतु एका ठिकाणची नोंद कितीही जुनी आणि कितीही काटेकोर असली, तरी ती त्या ठिकाणापुरतीच खरी असते. हे सत्य या महानगराला फार मोठी किंमत मोजून शिकावे लागले.

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबईकरांच्या स्मरणातून जाणे शक्य नाही. त्या दिवशी सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. त्याच चोवीस तासांत कुलाब्यास पडलेला पाऊस होता सुमारे ७३ मिलिमीटर. दोन्ही ठिकाणांमधील अंतर जेमतेम वीस-बावीस किलोमीटरचे. विहार तलावाच्या परिसरात तर पावसाने हजार मिलिमीटरचा आकडा ओलांडला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हा हिशेब ध्यानी घेतला, म्हणजे उपनगरांतील प्रत्येक अंगणात, प्रत्येक गच्चीवर त्या दिवशी काय कोसळले याची कल्पना येते. शहर व उपनगरांत मिळून चारशेहून अधिक माणसे प्राणास मुकली.

त्या दुपारी पाऊस मोजला जात नव्हता, असे नाही. तो मोजला जात होता. परंतु मोजलेला आकडा त्या क्षणी, जेथे निर्णय घ्यावयाचे तेथे पोहोचत नव्हता. दक्षिण मुंबईतील कार्यालयांच्या खिडक्यांतून दिसणारा पाऊस हा नेहमीचाच श्रावणाआधीचा पाऊस होता. तो पाहून हजारो माणसे कामावरून घराकडे, म्हणजे नेमकी पुराच्या दिशेने निघाली. या आपत्तीची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. पावसाची तत्काळ माहिती देणारी यंत्रणा नसणे ही त्या दिवसाची एक मोठी उणीव होती, ही गोष्ट पुढे सर्वमान्य झाली.

जाळे विणले गेले

बृहन्मुंबई महानगरपालिकेने २००६ पासून स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारण्यास आरंभ केला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक कपिल गुप्ता यांचे मार्गदर्शन या कामी लाभले. प्रारंभी सुमारे ३५ केंद्रे होती. पुढे ही संख्या साठाच्या घरात गेली आणि त्यानंतरही तीत भर पडत राहिली. यांतील पुष्कळशी केंद्रे अग्निशमन केंद्रांच्या गच्च्यांवर आहेत. ही योजना मोठ्या सोयीची आहे. अग्निशमन केंद्रात अहोरात्र माणूस असतो, गच्ची मोकळी असते, आणि अशी केंद्रे महानगराच्या सर्व भागांत विखुरलेली असतात. बोरिवली, दहिसर, कांदिवली, मालवणी ही नावे पावसाळ्यात वृत्तपत्रांतून दिसतात, ती याच केंद्रांची.

या उपकरणाची रचना समजून घेतली, तर फलकावरील आकड्यांचे निम्मे कोडे सुटते. वरती एक नरसाळे. त्याखाली दोन कप्प्यांची एक चिमुकली, तराजूप्रमाणे डोलणारी वाटी. नरसाळ्यातून थेंब थेंब पाणी एका कप्प्यात साठते. ठरावीक पाणी भरले, की तो कप्पा भाराने खाली जातो, पाणी सांडते आणि दुसरा कप्पा वर येतो. वाटीच्या प्रत्येक झोकानिशी एक चुंबकीय कळ दाबली जाते आणि एक विद्युत्-संकेत निर्माण होतो. झोक किती झाले हे मोजले, की पाऊस किती पडला हे कळले. हा हिशेब उपकरणाजवळच्या नोंदपेटीत साठतो आणि भ्रमणध्वनीच्या जाळ्यावरून दर पंधरा मिनिटांनी मध्यवर्ती संगणकाकडे धाडला जातो. तेथून तो संकेतस्थळावरील फलकावर येतो. महानगरपालिकेचा आपत्कालीन नियंत्रण कक्ष जो आकडा पाहतो, तोच गोराईच्या धक्क्यावर होडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाला हातातील मोबाइलवर पाहता येतो. १८४१ नंतरच्या दीडशेहून अधिक वर्षांत जे घडले नव्हते, ते हेच.

मात्र आकडा दिसणे आणि आकडा कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

शून्य आणि मौन

फलक उघडल्यावर पाहणाऱ्याची नजर स्वाभाविकपणे मिलिमीटरच्या रकान्याकडे जाते. ती आधी जावयास हवी वेळेच्या रकान्याकडे. प्रत्येक केंद्राचा शेवटचा संदेश केव्हा आला, हे तेथे दिलेले असते किंवा केंद्राच्या नावावर बोट ठेवल्यास दिसते. संदेश दहा-पंधरा मिनिटांपूर्वीचा असेल, तर आकडा ताजा. दोन तासांपूर्वीचा असेल, तर त्या केंद्राची वाचा बंद झाली आहे, आणि समोर दिसतो आहे तो भूतकाळ.

ही बाब किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु सगळा धोका येथेच दडलेला आहे. ‘पाऊस शून्य’ आणि ‘माहिती नाही’ या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. उपकरण सौर पट्टी आणि बॅटरी यांवर चालते. जुलैतील सलग झाकोळलेल्या दिवसांत बॅटरी पुरेशी भरत नाही. मोबाइलचा मनोरा वीज गेल्याने बंद पडतो. म्हणजे पाऊस जेव्हा अत्यंत जोरात असतो, नेमके तेव्हाच केंद्र मुके होण्याची शक्यता सर्वांत अधिक. ज्या ठिकाणाहून काहीच ऐकू येत नाही ते ठिकाण सुखरूप आहे असे मानणे, हीच २६ जुलैच्या दुपारची चूक होती. फलकावर एखादे केंद्र अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक काळ गप्प असेल, तर त्याची गणना कोरड्या ठिकाणांत न करता संशयित ठिकाणांत करावी.

याहून फसवा प्रकार म्हणजे केंद्र बोलते आहे, संदेश वेळेवर येत आहेत, पण आकडा मात्र शून्याचा. नरसाळ्यात पाने साचली, कबुतराने घरटे केले, की पाणी वाटीपर्यंत पोहोचतच नाही. (गच्चीवरील नरसाळे हे शासकीय उपकरण आहे, याची कबुतरांना कल्पना नसते.) अशा वेळी शेजाऱ्यांची साक्ष काढावी लागते. दहिसरला तासाभरात ४० मिलिमीटर, कांदिवलीला ३५ आणि मधल्या बोरिवलीला शून्य, असे चित्र निसर्गात अशक्य नसले तरी विरळा दिसते. अर्धवट तुंबलेल्या नरसाळ्याची आणखी एक खूण असते. पाऊस थांबून दोन-तीन तास झाले, शेजारची सर्व केंद्रे स्तब्ध झाली, तरी एकच केंद्र दर पंधरा मिनिटांनी थोडाथोडा पाऊस दाखवीत राहते. तो पाऊस नसून नरसाळ्यात अडकलेले पाणी हळूहळू झिरपत असते. आणि मुसळधार पावसात वाटीचा वेग थेंबांच्या वेगाला पुरा पडत नाही. एक कप्पा कलंडत असताना पडलेले पाणी हिशेबात येत नाही. त्यामुळे फार मोठे आकडे प्रत्यक्षाहून किंचित कमीच असतात, वाढीव नसतात, हे लक्षात ठेवणे बरे.

एकूण किती आणि किती वेगाने

फलकावर बहुधा दोन प्रकारचे आकडे असतात. एक, दिवसाच्या आरंभापासून आतापर्यंतचा एकूण पाऊस. दुसरा, गेल्या पंधरा मिनिटांतील किंवा तासाभरातील पाऊस. भारतीय हवामानशास्त्र विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. निरनिराळ्या यंत्रणांची आरंभवेळ निरनिराळी असू शकते. म्हणून दोन फलकांवरील आकडे जुळत नाहीत असे दिसताच कोणाला खोटे ठरविण्यापूर्वी मोजणी कोणत्या वेळेपासूनची आहे, हे पाहावे.

वृत्तपत्रांना एकूण पावसाचा आकडा प्रिय असतो, कारण तो मोठा दिसतो. घरात पाणी शिरेल की नाही हे मात्र दुसरा आकडा सांगतो. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने, आणि तीही ओहोटीच्या वेळी, बांधलेली होती. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची योजना मांडली. यावरून एक सोपा ताळा मिळतो. पंधरा मिनिटांच्या रकान्यात सहा मिलिमीटर दिसले, की जुन्या गटारांची सीमा आली. बारा-तेरा दिसले, की नव्यांचीही. दिवसभर मिळून १०० मिलिमीटर पडलेला रिमझिम पाऊस निमूटपणे समुद्राला मिळतो, तर एका तासात पडलेला ६० मिलिमीटर पाऊस रस्ता बुडवितो.

सरासरीविषयी तर विशेष सावध असावे. दैनंदिन पत्रकात शहर, पूर्व उपनगरे आणि पश्चिम उपनगरे असे तीन सरासरी आकडे येतात. प्रशासनाच्या दृष्टीने ते उपयुक्त आहेत. परंतु पश्चिम उपनगरे म्हणजे वांद्र्यापासून दहिसरपर्यंतचा लांबलचक पट्टा. वांद्र्याला ऊन आणि बोरिवलीला धो धो, हे दृश्य लोकल गाडीने प्रवास करणाऱ्यांना नवे नाही. त्या दोहोंच्या सरासरीत ना वांद्रे सापडते, ना बोरिवली.

गोराई कोठे शोधावे?

गोराई या नावाचीच एक अडचण आहे. खाडीच्या अलीकडे, बोरिवली पश्चिमेला, गोराई नावाची मोठी वसाहत आहे आणि गोराई रस्ता आहे. अनेक वर्षे कचऱ्याचा डोंगर वाहणारी आणि पुढे शास्त्रशुद्ध रीतीने बंद करण्यात आलेली गोराईची क्षेपणभूमीही याच काठावरची. खाडीच्या पलीकडे आहे ते मूळ गोराई गाव. कोळीवाडा, वाड्या, समुद्रकिनारा आणि दूरवरून दिसणारा विपश्यनेचा पॅगोडा असलेले. दोन्ही गोराई महापालिकेच्या आर मध्य विभागात मोडतात. नावावरून शोध घेणाऱ्याला फलक कोणत्या काठाविषयी बोलतो आहे हे नकाशा पाहिल्यावाचून कळणार नाही. म्हणून गावकऱ्यांनी नावांची यादी सोडून नकाशाचे पान उघडावे, खाडीची निळी रेघ शोधावी आणि आपण तिच्या कोणत्या बाजूस आहोत हे ठरवून मगच जवळचे केंद्र निवडावे.

तेवढ्यानेही काम भागत नाही. गोराईच्या खाडीत येणारे पाणी हे केवळ गोराईवर पडलेले पाणी नव्हे. दहिसर नदी तुळशी तलावाच्या परिसरातून निघते, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांवरील पाणी गोळा करीत बोरिवली-दहिसरच्या वस्तीतून वाहते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. डोंगरावर पाऊस झाला, की किनाऱ्यावर ऊन असले तरी खाडीचे पाणी गढूळ होते, फुगते आणि ओढ घेते. जुन्या नाखव्यांना हे पाण्याच्या रंगावरून कळते. फलक वाचणाऱ्याने त्यासाठी आपल्या केंद्रावरून नजर काढून पूर्वेकडे, रेल्वेमार्गापलीकडील केंद्रांकडे न्यावी. खाडीकाठच्या माणसाला आपल्या डोक्यावरच्या पावसाइतकाच कान्हेरीच्या डोंगरावरचा पाऊस महत्त्वाचा असतो.

भरतीचा रकाना

याच फलकावर किंवा त्याला जोडलेल्या पानावर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि उंची दिलेली असते. पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरती कोणत्या दिवशी येणार, याची यादी महापालिका आधीच प्रसिद्ध करते. ही उंची समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजलेली नसते, तर नाविक नकाशांच्या आधारपातळीपासून मोजलेली असते. साडेचार मीटर म्हणजे सरासरी पातळीहून सुमारे दोन मीटर वर. यादी पाहून घाबरणाऱ्यांना एवढे सांगितले पाहिजे. तथापि निर्धास्त राहणेही योग्य नाही. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांची १८६ पातमुखे समुद्रात वा खाडीत उघडतात. त्यांतील ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीखाली. भरतीच्या वर राहणारी फक्त सहा. भरती चढली, की पावसाला जावयास वाट उरत नाही.

गोराईकरांना या रकान्याची पडताळणी संगणकावाचून करता येते. कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा, की तिथीचा आकडा पाऊणपट करावा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. २००५ साली गुरुपौर्णिमा २१ जुलैस होती. २६ जुलै हा तिच्यानंतरचा पाचवा दिवस. पाचाचा पाऊणपट पावणेचार. त्या दिवशी प्रत्यक्षात भरती आली दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी, आणि तिची उंची होती ४.४८ मीटर. सांताक्रूझला पावसाने कहर मांडला होता, तो याच वेळी. पंचांग आणि संगणक यांत पाच मिनिटांचाच फरक. पण खाडीच्या आत भरती थोडी उशिरा पोहोचते, आणि वाऱ्याने वा समुद्रातील कमी दाबाच्या पट्ट्याने जे पाणी अधिक चढते ते ना पंचांगात असते, ना भरतीच्या तक्त्यात.

पावसाच्या आलेखावर भरतीची वेळ ठेवून पाहणे, हे या फलकाचे खरे वाचन. सकाळी दहाला तासाला ३० मिलिमीटर आणि ओहोटी, तर चिंता नाही. दुपारी दीडला तेवढाच पाऊस आणि भरती चढती, तर सखल भागातल्या माणसाने धान्याची पोती माळ्यावर चढवावीत.

रंगांचा घोटाळा

केंद्रांच्या ठिपक्यांना असणारे रंग आणि हवामान विभागाच्या इशाऱ्यांचे रंग यांत गल्लत होते. ठिपक्यांचे रंग झालेला पाऊस दाखवितात. इशाऱ्याचे हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल हे रंग होऊ घातलेल्या पावसाविषयी बोलतात. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.५ पासून ‘अतिवृष्टी’च्या सर्वांत वरच्या श्रेणीतला पाऊस, अशी विभागाची श्रेणी आहे. इशारा एका गल्लीसाठी नसतो, संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो. नारिंगी इशारा असूनही गोराईत ऊन पडले, म्हणून वेधशाळेला हसणारे दरवर्षी भेटतात. त्याच दिवशी मुलुंडला काय झाले, याची चौकशी ते करीत नाहीत.

जून २०२० मध्ये मुंबईसाठी ‘आय-फ्लोज’ ही पूरसूचना प्रणाली सुरू झाली. जानेवारी २०२२ मध्ये जोगेश्वरीजवळ वेरावलीच्या टेकडीवरील डॉप्लर रडार कार्यान्वित झाले. २०२४ मध्ये मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने पावसाचे स्थानिक अंदाज देणारे संकेतस्थळ खुले केले. उर्वरित महाराष्ट्रात २०१७ मध्ये आरंभ झालेल्या ‘महावेध’ प्रकल्पाने महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभारली. शेतकऱ्याच्या बाबतीत तर एका मुक्या केंद्राची किंमत पीक विम्याच्या रकमेत मोजली जाते, आणि शून्य व मौन यांतील भेद तेथे अधिकच जीवघेणा ठरतो.

फलकाची हद्द

गोराई गावाच्या संदर्भात एक गोष्ट उरते. या गावातून बाहेर पडण्याचे मार्ग दोन. एक खाडी ओलांडून बोरिवलीला. दुसरा उत्तनवरून भाईंदरला. भरपावसात होडी थांबली, की दुसराच मार्ग उरतो. आणि तो मार्ग थोड्याच अंतरावर मुंबईची हद्द सोडून ठाणे जिल्ह्यात, मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या क्षेत्रात शिरतो. मुंबईचा फलक तेथे संपतो. नकाशावर त्या बाजूला ठिपके नाहीत, याचा अर्थ तेथे पाऊस नाही असा नव्हे. रात्री-अपरात्री आजारी माणसाला हलवावयाचे असेल, तर मुंबई उपनगर जिल्ह्याच्या इशाऱ्याबरोबर ठाणे जिल्ह्याचा इशाराही पाहावा लागतो, आणि भाईंदरला रस्त्यावर पाणी आहे का, हे तेथल्या यंत्रणेस विचारावे लागते.

गप्प झालेल्या केंद्राची वा शेजाऱ्यांशी विसंगत आकडा देणाऱ्या केंद्राची खबर महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर देता येते. खबर देताना केंद्राचे नाव, शेवटच्या संदेशाची वेळ आणि त्या वेळी आपल्या ठिकाणी पाऊस कसा होता, या तीन गोष्टी सांगाव्यात. नरसाळे साफ करण्यास लागतात दहा मिनिटे. गच्चीवर माणूस चढविण्यासाठी कोणीतरी आकडा पाहिलेला असावा लागतो.